बदलापूरला राहायला जायचं का? घर घेण्याआधी काय काय बघायचं

मुंबईत भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणारं कुटुंब स्वतःचं घर घ्यायचं म्हणतं, तेव्हा मध्य रेल्वेच्या नकाशावर बोट पुढे पुढे सरकत जातं. मुलुंड जमत नाही, ठाण्याचा विषयच निघत नाही, डोंबिवलीत मनासारखं मिळत नाही, आणि कल्याण ओलांडून बोट बदलापूरवर येतं. २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर (नगरपरिषदेत गावाचं नाव असंच आहे) २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास पोचलं, आणि त्यानंतर जे वाढलंय ते स्टेशनबाहेर उभं राहिलं की दिसतं. मी इथेच राहते. नात्यातले, ऑफिसातले, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे विचारत असतात, "यायचं का तिकडे?"

माझं मत आधीच सांगून टाकते. बदलापूर राहायला चांगलं गाव आहे, पण सगळ्यांसाठी नाही; आणि विकत घेण्याआधी एक पावसाळा इथे भाड्याने काढल्याशिवाय ते तुमच्यासाठी आहे की नाही हे कळत नाही. ते कसं तपासायचं, हे क्रमाने सांगते.

१. घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा

बहुतेक जण सुरुवात चौरस फुटांपासून करतात. सुरुवात घड्याळापासून करा. घरात कोण कोण रोज बाहेर पडतं, कुठे जातं, किती वाजता पोचावं लागतं, परत कधी येतं, हे प्रत्येकाचं वेगवेगळं लिहा. नवऱ्याचं ऑफिस घाटकोपरला आणि बायकोचं नरिमन पॉइंटला असेल, तर हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला बऱ्यापैकी सोपा आहे, दुसरा अवघड.

बदलापूर सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटर. फास्ट लोकलने दीड तासाच्या आसपास, तेही गाडी वेळेवर असेल तर. त्यात घरापासून स्टेशन, पूल चढणं-उतरणं, गाडीची वाट, आणि तिकडे उतरल्यावर शेअर टॅक्सी किंवा बस धरा. दक्षिण मुंबईत नोकरी असेल तर एका बाजूचे सव्वादोन तास सहज होतात. म्हणजे दिवसाचे साडेचार तास. हे आकडे कागदावर बघितले की घरातलं बोलणं जमिनीवर येतं.

ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर इथे फास्ट थांबते, त्यामुळे ही ठिकाणं जमण्यासारखी आहेत. नवी मुंबईत नोकरी असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची लोकल धरायची. अंधेरीला जाणाऱ्यांनी दादरचा पूल टाळून घाटकोपरहून मेट्रो घ्यावी. २०१४ मध्ये ती सुरू झाल्यापासून आमच्या भागातून अंधेरी गाठणं खरोखर सुसह्य झालंय. बोरिवली, मालाडला रोज जायचं असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे: नका येऊ. वसई-विरार बघा.

आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ किंवा इथल्याच एमआयडीसीत काम असेल, किंवा आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल, तर पुढच्या पायऱ्या जरा निश्चिंत मनाने वाचा.

२. तुमच्या वेळेला, तुमच्या गाडीने जाऊन बघा

घर बघायला सगळे रविवारी येतात. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून गाडी उशिरा येते, पण डबा रिकामा असतो, आणि "गर्दी एवढी काही नाही" असं म्हणत लोक परत जातात. सोमवारी सकाळी सातच्या पुढे फलाटावर उभे राहा. एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि निदान तीन दिवस इथून कामावर जाऊन या.

बदलापूरहून सुटणारी लोकल आणि कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल यांत फरक आहे. दुसरी इथे येईपर्यंत भरलेली असते. पहिली बदलापूरहून सुटते खरी, पण ती फलाटावर लागते तेव्हा तिच्यात आधीच माणसं बसलेली असतात. ही मंडळी अंबरनाथ किंवा त्याच्याही अलीकडून जागेसाठी 'रिटर्न' आलेली असतात. रोजच्यांना कोणती गाडी, कितवा डबा, कोणत्या दाराशी उभं राहायचं हे पाठ असतं. महिलांच्या डब्यात जागा आधीच बोलून ठेवलेल्या असतात: "ताई, ठाण्याला उतरणार ना? मग मी." नवीन माणसाला पहिले काही दिवस हे जड जातं, नंतर त्याच डब्यात हक्काची माणसं मिळतात. माझ्या डब्यातल्या बायकांनी एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं, मुलांचे दहावीचे निकाल सगळं बघितलंय.

एक तांत्रिक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्गिका आहेत. पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल सगळ्या त्याच रुळांवरून जातात. त्यामुळे एक इंजिन बंद पडलं किंवा एक सिग्नल गेला की पर्याय उरत नाही, सगळंच थांबतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३ अ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात मंजूर आहे, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन होणार आहे, कांजूरमार्गहून मेट्रो १४ प्रस्तावित आहे, मुंबई-बडोदा महामार्गही बदलापूरजवळून जातो. बिल्डरच्या जाहिरातीत हे सगळं असतंच. माझा नियम साधा आहे: ज्या गाडीत आज बसता येतं तेवढीच गाडी हिशेबात धरायची. पुढे जे होईल ते वरकमाई.

३. नदी कुठे आहे ते आधी शोधा

हा भाग घाईत वाचू नका. इथे घर घेणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

बदलापूरच्या पश्चिमेकडून उल्हास नदी वाहते. उन्हाळ्यात तिचं पात्र बघितलं तर ही नदी कुणाच्या घरात शिरेल असं वाटत नाही. २६ जुलै २००५ला ती शिरली. २७ जुलै २०१९ला पुन्हा शिरली. त्याच पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. टीव्हीवर सगळ्या देशाने ती गाडी बघितली. त्याच दिवशी हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली या भागांतल्या तळमजल्यांवर फ्रिज तरंगत होते, ते फार कुणी बघितलं नाही.

पश्चिमेला घर बघत असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन्ही रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात नकाशावर बघता येतं. एजंटच्या "इथे कधी पाणी येत नाही" या वाक्यावर जाऊ नका.

नकाशा बघितल्यावर इमारतीत जा आणि तळमजला नीट बघा. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचावर लावलेत? जुन्या इमारतीत ते नंतर वर सरकवले असतील तर भिंतीवर खालच्या जागी जुन्या बोर्डाची चौकट आणि बुजवलेली भोकं दिसतात. जिन्याच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एका सरळ रेषेत रंगाचे पोपडे निघालेले असतील, तर ती पाण्याची रेघ आहे. दुकानांच्या शटरचा खालचा भाग तेवढाच गंजलाय का बघा. पंप कुठे बसवलाय, लिफ्टचा खड्डा कोरडा आहे का, पार्किंगचा उतार रस्त्याकडे आहे की आत, हेही बघा. मग शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या जुन्या काकूंना विचारा, "एकोणीस साली पाणी कुठपर्यंत होतं?" त्या हात करून दाखवतील. विकणाऱ्याला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.

पूर्वेला, म्हणजे कुळगाव, कात्रप, शिरगावकडे, नदीची भीती नाही. पण नाल्यालगतच्या सोसायटीत रस्त्यावर पाणी साचतं का, हे तिथेही विचारावं लागतं. मुसळधार पावसाच्या दिवशी छत्री घेऊन एक चक्कर मारली तर कुठलाही कागद सांगणार नाही एवढं कळतं.

४. नळ, वीज, हवा

इथलं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून, म्हणजे बंधाऱ्यातून, उचलून. बारवी धरण बदलापूरच्या अगदी जवळ, म्हणून नवीन माणसाला वाटतं पाण्याची काय चिंता. धरण जवळ असणं आणि तुमच्या चौथ्या मजल्यावर दाबाने पाणी येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना तीन प्रश्न विचारा: पाणी दिवसातून किती वेळ येतं, एप्रिल-मे मध्ये टँकर किती मागवावे लागतात, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा काढतात. नवीन इमारतीत नळजोडणी प्रत्यक्ष झाली आहे का हेही बघा. जोडणी व्हायच्या आधी ताबा घेतलेल्या कुटुंबांना महिनोन्महिने बोअरवेल आणि टँकरवर काढावे लागतात.

वीज महावितरणची. मुंबईची सवय असेल तर हा धक्का बसतो. वादळी पावसात वीज जाते, कधी कधी बराच वेळ जाते. इन्व्हर्टर हा घराच्या खर्चाचाच भाग समजा. घरून काम करत असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट लागतं.

उन्हाळा मुंबईपेक्षा कडक असतो. समुद्राचा वारा इथपर्यंत पोचत नाही, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शेवटच्या मजल्यावरचं पश्चिमेकडे तोंड असलेलं घर स्वस्त का मिळतंय, हे मे महिन्यात दुपारी तीनला तिथे उभं राहिलं की समजतं. हिवाळ्यात मात्र पहाटे स्वेटर लागतो.

एमआयडीसीच्या बाजूला घर बघत असाल तर रात्री अकरानंतर जाऊन श्वास घ्या. रासायनिक कारखान्यांचा उग्र वास रात्री आणि पहाटे जास्त जाणवतो, दिवसा येणाऱ्या ग्राहकाला तो कळतही नाही. घरात दमा असलेलं कुणी असेल तर ही पायरी कधीच चुकवू नका.

५. मुलं आणि म्हातारी माणसं

नोकरी करणारा माणूस इथे झोपायला येतो. दिवसभर बदलापुरात राहतात ती मुलं आणि आजी-आजोबा, म्हणून गाव त्यांच्या डोळ्यांनी बघा.

शाळा मराठी, सेमी-इंग्रजी, इंग्रजी सगळ्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद राहिल्या. त्यानंतर इथले पालक शाळेत थेट प्रश्न विचारतात, आणि तुम्हीही विचारा: स्वच्छतागृहाकडे लहान मुलांबरोबर कोण जातं, महिला कर्मचारी किती, सीसीटीव्ही चालू आहेत का, मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, व्हॅनमध्ये बाई असतात का. आई-वडील दोघंही दोन तासांच्या अंतरावर असतील तर शाळेतून फोन आल्यावर दहा मिनिटांत कोण पोचणार, याचं उत्तर नावासकट तयार हवं.

दवाखाने भरपूर आहेत, साध्या आजारपणाला काही कमी पडत नाही. मोठ्या उपचारांसाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कल्याण, नाहीतर ठाणे-मुंबई. ज्यांच्या घरी डायलिसिस किंवा हृदयाचा रुग्ण आहे त्यांनी रात्री दोन वाजता ते अंतर कसं कापणार याचा विचार आधी करावा. स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा उड्डाणपूल संध्याकाळी तुंबतो. तुमचा डॉक्टर आणि तुमचं घर रुळांच्या एकाच बाजूला असलेलं बरं.

आणि आता जे मनापासून आवडतं तेही सांगते. इथे मराठी बोलायला लाजावं लागत नाही. ग्रंथसखा वाचनालयासारखं पुस्तकांचं घर या गावात आहे. जूनच्या तोंडावर आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणात जांभळं विकायला बसतात, आणि बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. कोंडेश्वरच्या देवळाला रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. निवृत्त माणसांना हे गाव मानवतं, हे मी आसपास रोज बघते.

६. पैशांची बेरीज

हप्ता परवडतो म्हणजे घर परवडतं असं नाही. महिन्याच्या कागदावर हप्त्याखाली हेही लिहा: रेल्वेचे पास (घरात कमावते दोघं असतील तर दोन), दोन्ही टोकांची शेअर रिक्षा, मेंटेनन्स, टँकर, पाळणाघर जास्त वेळ ठेवावं लागेल तो खर्च, आणि थकून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण. शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत, पण तीच मोठी असते.

घर घेताना बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पंच्याहत्तर लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे त्यात धरत नाहीत, तो हातचा लागतो. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ती घ्या, आणि ती नुसत्या पैशांसाठी घेऊ नका. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट क्षेत्रफळ ६० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही.

७. आधी भाड्याने राहा

मे महिन्यात या, म्हणजे उन्हाळा, पाणीटंचाई आणि पावसाळा तिन्ही एका करारात बघून होतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. नोटरी केलेल्या कागदावर समाधान मानू नका. गॅसचा पत्ता बदलताना, शाळेच्या प्रवेशाला नोंदवलेला करारच कामाला येतो. मुंबईतलं भाड्याचं घर सोडताना मुलांची परीक्षा संपलेली असेल असं बघा.

"भाड्यात पैसे वाया जातात" असं घरातले मोठे म्हणतील. त्यांना सांगा की वीस वर्षांचा हप्ता सुरू करण्याआधी अकरा महिने गाव तपासतोय. पहिला ऑगस्ट महिना काढल्यावर घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, राहायचं का. सगळ्यात जास्त प्रवास करणाऱ्याचं उत्तर सगळ्यात जड धरा.

८. घ्यायचं ठरलं, आता कागद

महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाका आणि जिल्हा कोणता ते बघा. २०२४पर्यंत नोंदलेल्या प्रकल्पांत ठाणे जिल्ह्यातले नंबर पी ५१७ने सुरू व्हायचे, रायगडचे पी ५२०ने. जाहिरातीत "बदलापूरजवळ" लिहिलंय आणि नंबर पी ५२०चा असेल तर ते घर बदलापूरच्याही पुढे, शेलू-नेरळकडे आहे, आणि तुमचा पहिल्या पायरीचा सगळा हिशेब बदलला.

पण नुसत्या महारेरा नंबरवर थांबू नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत खोट्या बांधकाम परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यात राहणाऱ्या माणसांनी कर्ज काढून, पै-पै जमवून घरं घेतली होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घ्या आणि ती नगरपरिषदेत जाऊन खरी आहे का ते विचारा. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीतलं घर असेल तर तिथे परवानगी कुणी दिली हे जास्तच काळजीने बघा. सातबारा, बिनशेतीचा आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, आणि जुनं घर असेल तर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. हे सगळं वकिलाला दाखवायला जे चार पैसे लागतील ते खुशाल खर्च करा. बिल्डरच्या वकिलाला नव्हे, तुमच्या वकिलाला.

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हा रेरा कायदाच आहे. "आज टोकन जास्त दिलं तर रेट फिक्स करतो" असं कुणी म्हणालं तर उठून या.

ताबा मिळाल्यावर पहिल्या महिन्यात तीन कामं उरका: महावितरणच्या बिलावर नाव, नगरपरिषदेत मालमत्ता कराच्या नोंदीत नाव, आणि सोसायटीत शेअर सर्टिफिकेट. सोसायटी अजून झालीच नसेल तर वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या माणसांना एका रविवारी चहाला बोलवा आणि नोंदणीचं काम त्याच दिवशी वाटून घ्या.